फळीवरचं सोनं

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. डोंगरमाथ्यावर कुणी अंगठा उभा धरावा तसा. आज इथे थांबणारे बहुतेकजण पक्षी बघायला येतात. १९६८ मध्ये अभयारण्य झालं आणि गडापेक्षा पाखरांचीच ओळख मोठी झाली. पण बोरघाटातून उतरणारी वाट आणि खाडीकाठची बंदरं यांच्यामधल्या टापूवर नजर ठेवणारा हा गड एके काळी तीन सत्तांच्या ओढाताणीत सापडला होता. ते साल होतं १५४०.

गड तेव्हा गुजरातच्या सुलतानाचा. अहमदनगरच्या निजामशाही फौजेने तो घेतला आणि गुजरातच्या अंमलदारांनी मदतीसाठी वसई गाठली. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे आली होती. तिथला कप्तान फ्रान्सिस्को द मिनेझिस सुमारे ३०० युरोपीय शिपाई आणि तेवढेच देशी लोक घेऊन निघाला आणि त्याने गड जिंकला. निजामशाही फौज पुन्हा चालून आली, तेव्हा गुजरातच्या अंमलदारांनी गडावरचा आपला हक्कच फिरंग्यांना देऊन टाकला. शेवटी पोर्तुगिजांनी हिशेब केला. समुद्रापासून आत असलेला हा गड राखण्याचा खर्च त्यांना जड वाटला. दरसाल ५,००० सोन्याचे पर्दाव घ्यायचे ठरवून त्यांनी कर्नाळा आणि शेजारचा सांकशीचा किल्ला निजामशहाला देऊन टाकला. पर्दाव हे गोव्यात चालणारं नाणं. त्याचं नाव ‘प्रताप’ या आपल्याच शब्दावरून पडलं.

इतिहासाची पुस्तकं कर्नाळ्याची ही हकिकत एवढ्यावर संपवतात. पण त्याच सुमारास लिस्बनहून गोव्याला एक वेगळाच माल येत होता: गुळगुळीत केलेल्या, पांढऱ्या लेपाने माखलेल्या आणि तैलरंगांत चितारलेल्या लाकडी फळ्या. त्यांवर संत कॅथरीनची कथा रंगवलेली होती. गोव्याच्या ‘से’ या मुख्य चर्चच्या वेदीसाठी त्या घडवल्या गेल्या होत्या. जाणकार त्या १५४० च्या आसपासच्या मानतात आणि लिस्बनचा चित्रकार गार्सिया फर्नांदिस याच्या नावावर लावतात. ज्या वेळी एक फिरंगी कप्तान कर्नाळ्याची चढण चढत होता, त्या वेळी मध्ययुगीन युरोपची सर्वांत जपलेली कला कोकणच्या किनाऱ्याला लागत होती.

कॅथरीनच का? पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवं घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी. म्हणून तिच्या नावाने आधी साधं देऊळ उभं राहिलं आणि १५३४ मध्ये गोव्याला बिशपची गादी मिळाल्यावर तेच मुख्य चर्च झालं. आज दिसणारी भव्य वास्तू नंतरची. तिचं काम १५६२ मध्ये सुरू झालं. फळ्या तिच्याहून जुन्या. कॅथरीनची कथा तर चितारण्यासाठीच जन्मलेली. अलेक्झांड्रियाची राजकन्या, पन्नास पंडितांना वादात हरवणारी. तिला मारण्यासाठी आणलेलं खिळ्यांचं चाक मोडून पडतं, अखेरीस तलवारीने तिचा शिरच्छेद होतो आणि देवदूत तिचा देह सिनाई पर्वतावर नेतात. वाद, चाक, तलवार, उड्डाण: एकेक प्रसंग एकेका फळीवर. आपल्याकडे चित्रकथीचा मांडणारा जसा एकामागून एक पान उलटत कथा सांगतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे पानं उलटत नाहीत, भाविकाची नजर फिरते.

अशा फळ्यांच्या मांडणीला पोर्तुगीज भाषेत ‘रेताबुलू’ म्हणतात. वेदीच्या मागे सोनेरी कोरीव चौकटी, त्या चौकटींत ओळीने प्रसंग, मध्ये मुख्य संत. ही मांडणी गॉथिक काळाची देणगी. गार्सिया फर्नांदिसच्या ब्रशात नवं, इटलीकडून आलेलं वळण शिरलं आहे हे खरं, त्यामुळे त्याला निखळ गॉथिक म्हणता येणार नाही. पण फळीची हाडं, तिची तयारी, तिचं सोनं आणि तिच्यामागची श्रद्धा दोनशे वर्षं आधीची आहे.

त्या दोनशे वर्षांपूर्वी जायचं तर इटलीतल्या सिएनाला जावं लागेल. ९ जून १३११ रोजी त्या गावात दुकानं बंद ठेवली गेली, घंटा वाजवल्या गेल्या आणि दुच्चो या चित्रकाराने रंगवलेली मारियामातेची प्रचंड फळी त्याच्या कारखान्यातून वाजतगाजत मुख्य चर्चमध्ये नेण्यात आली. पुढारी, धर्मगुरू, हातात मेणबत्त्या घेतलेले गावकरी, मागे बायका-मुलं. पालखी बघितलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. चित्र हे तेव्हा भिंतीची शोभा नव्हतं. ते गावाचं दैवत होतं आणि ते घडवणं हे सुतारापासून वर्खवाल्यापर्यंत अनेकांचं काम होतं.

ते काम कसं चालायचं हे चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या आसपास लिहून ठेवलं. कारागिराने कारागिरासाठी लिहिलेलं असं पुस्तक दुर्मीळ आहे, आणि ते वाचताना चित्रापेक्षा हात जास्त दिसतात. आधी सुताराने फळ्या जोडायच्या. इटलीत पॉपलरच्या, उत्तरेकडे आणि पोर्तुगालमध्ये ओकच्या. हा ओक बहुतेकदा बाल्टिक समुद्राकडून यायचा. लाकडातली वर्षावलयं मोजून आजचे संशोधक ते नेमकं दाखवू शकतात. मग शेळीच्या कातड्याचे तुकडे उकळून केलेला सरस. त्यात भिजवलेलं जुनं तलम कापड फळीवर डकवायचं. त्यावर जिप्समचा लेप, आधी जाडसर, मग बारीक. बारीक लेपाचं जिप्सम महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळायचं, म्हणजे त्यातली उष्णता मरते आणि ते रेशमासारखं मऊ होतं. त्याचे आठेक हात द्यायचे. वाळल्यावर खरवडायचं, इतकं की फळी हस्तिदंतासारखी दिसावी.

नंतर सोनं. जिथे वर्ख बसायचा तिथे अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेली तांबडी चिकणमाती लावायची. तिच्यामुळे सोन्याला खालून ऊब मिळते. पांढऱ्यावर थेट लावलेलं सोनं हिरवट, फिकं दिसतं. चेन्नीनीला वर्खाची पारख होती. सोनार एका डुकॅटच्या नाण्यातून १४५ पानं काढतात, पण सपाट पार्श्वभूमीसाठी शंभरच काढायला सांगावीत, असा त्याचा सल्ला आहे. पान जाड तर चमक खोल. लावून झालं की घोटायचं, गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने. घोटलेल्या सोन्यावर बारीक ठसे मारून प्रभावळ उठवायची. मेणबत्तीच्या हलत्या ज्योतीत हे ठसे लुकलुकतात. संग्रहालयाच्या स्थिर दिव्याखाली त्या चित्राचा अर्धा जीव जातो. समईच्या उजेडात देवाच्या अंगावरचे दागिने पाहिलेल्यांना हे पटकन कळेल.

रंगांत तर हा माणूस स्वयंपाकघरात असल्यासारखा बोलतो. रंग कालवायला अंड्याचा पिवळा बलक. तरुण चेहऱ्यासाठी शहरी कोंबडीचं अंडं घ्यावं, कारण त्याचा बलक फिकट. म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यासाठी खेड्यातल्या कोंबडीचं, त्याचा बलक तांबूस. चेहऱ्याच्या कातडीखाली आधी हिरवी माती लावायची आणि तिच्यावर गुलाबी छटांचे पातळ हात द्यायचे. कित्येक जुन्या चित्रांत वरची गुलाबी उडाली आहे आणि संतांचे चेहरे हिरवट दिसतात, ते यामुळेच.

आता या रंगांची नावं आपल्या भाषेत म्हणून पाहावीत. शिशापासून केलेला सफेदा. तांब्याला शिरका लावून काढलेला हिरवा जंगाल. हिंगूळ. हरताळ, तो विषारी पिवळा रंग, जो आपल्याकडे पोथीतला चुकलेला मजकूर झाकायला वापरत आणि ज्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. मारियामातेच्या झग्याचा निळा रंग बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्दाचा. तो सोन्याच्या तोडीचा महाग, म्हणून करारपत्रात त्याचा वेगळा उल्लेख व्हायचा. स्वस्त निळीला चेन्नीनी बगदादची नीळ म्हणतो, पण ‘इंडिगो’ या नावातच ती मूळ कुठली हे लिहिलेलं आहे.

आणि लाख.

पळस, कुसुंब, बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे वाढतात आणि राळेसारखा स्राव सोडतात. त्या राळेतून निघणारा तांबडा रंग म्हणजे पायाला लावायचा अळिता. हीच लाख शतकानुशतकं हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशाकडून निघून व्हेनिसच्या बाजारात पोचत होती. पारदर्शक तांबड्या रंगाला इटलीत ‘लाक्का’ म्हणत; पुढे इंग्रजीत त्याचं ‘लेक’ झालं. संताच्या झग्याच्या घड्यांत, सावलीत जिथे रंग गडद रक्तासारखा खोल उतरतो, तिथे हिंगुळावर लाखेचे पातळ हात दिलेले असतात. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात लाखेवर एक अख्खा संवाद लिहिला. उत्तम लाख ब्रह्मदेशातल्या पेगूकडून येते हे त्याने नोंदवलं.

म्हणजे गॉथिक फळी ही केवळ युरोपची वस्तू नव्हती. तिचं लाकूड बाल्टिकचं, निळा रंग बदख्शानचा, तांबडा आपल्याकडचा. गोव्याला आलेल्या कॅथरीनच्या फळ्यांकडे परक्या धर्माचं परकं चित्र म्हणून बघण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती सवय इतिहासाला धरून नाही.

पोर्तुगालात ही कला जोमाने वाढली ती फ्लँडर्समुळे. तिथला चित्रकार यान व्हान आईक १४२८ मध्ये पोर्तुगालला गेला होता, राजकन्येचं चित्र काढायला, कारण बर्गंडीच्या ड्यूकला वधू पाहायची होती. परतल्यावर, १४३२ मध्ये, त्याने गेंटची विख्यात वेदी पूर्ण केली. तेलात कालवलेला रंग थरावर थर देऊन किती झळाळू शकतो हे त्या वेदीने युरोपला दाखवलं. पुढे नूनो गोन्साल्व्हिसने १४७० च्या आसपास लिस्बनमध्ये संत व्हिसेंतीच्या सहा फळ्या रंगवल्या. त्यांत राजापासून कोळ्यापर्यंत साठेक माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. सोळाव्या शतकात तर मिरीच्या व्यापाराने पोर्तुगालची वखार अँटवर्पला बसली. मिरी तिकडे जायची, येताना चित्रं आणि चितारी यायचे. मलबारच्या मिरीने लिस्बनच्या वेद्या सोन्याने मढवल्या, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही पोर्तुगीज माणसं इथे उतरली तेव्हा त्यांना आपली चित्रं कशी दिसली? वास्को द गामाचे लोक १४९८ मध्ये कालिकतच्या देवळात गेले आणि ते चर्च आहे असं समजून त्यांनी गुडघे टेकले. भिंतीवरच्या देवतांना त्यांनी संत मानलं. त्या प्रवासाची रोजनिशी लिहिणाऱ्याने एवढंच टिपलं की या संतांच्या डोक्यावर मुकुट आहेत, दात बाहेर आले आहेत आणि हात चार-पाच आहेत. सोनेरी प्रभावळ बघून वाढलेल्या डोळ्यांना मुकुटाची ओळख पटली, सुळे मात्र खटकले.

इथल्या चिताऱ्यांनी ती ओळख फार लवकर उलटी करून दाखवली. मागणी आहे म्हटल्यावर हिंदू चितारी मारियामातेची आणि येशूची चित्रं काढू लागले आणि ती दारोदार विकली जाऊ लागली. सोळाव्या शतकाच्या मध्यालाच लिस्बनच्या राजाला याविरुद्ध हुकूम काढावासा वाटला. पुढे गोव्याच्या धर्मसभेने आणि आर्चबिशपांनी अशाच मनाया केल्या. एकच मनाई पुन्हा पुन्हा करावी लागते याचा अर्थ ती पाळली जात नव्हती. चर्चला चित्रं हवी होती, आणि ब्रश धरणारा हात बहुधा त्याच्याकडेच होता ज्याला मनाई होती.

या हाताचा सर्वांत ठळक पुरावा १५४७ चा आहे. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला वाटलं की आपल्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं राजवाड्यात लागावीत. त्याने गास्पार कोरैयाला बोलावलं. कोरैया हा पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा इतिहासकार म्हणून नावाजला, पण त्याला रेखाटनाचं अंग होतं आणि त्याने यांतले बहुतेक गव्हर्नर प्रत्यक्ष पाहिले होते. रेखाटनं त्याने केली; रंगवलं कुणी, हेही त्याने सांगितलं आहे: इथल्याच एका माणसाने, ज्याच्या हातात उपजत कसब होतं. चेहरे इतके हुबेहूब झाले की पाहिलेला माणूस लगेच ओळखावा, असंही तो अभिमानाने लिहितो. पहिल्या आल्मेदापासून कास्त्रोपर्यंत सगळे गव्हर्नर फळ्यांवर उभे राहिले. त्यांत इश्तेव्हांव द गामाही होता, वास्कोचा मुलगा, १५४० ते १५४२ या काळात गोव्याचा कारभार पाहणारा, म्हणजे कर्नाळ्याची देवघेव चालू होती त्या दिवसांतला. चित्र काढवून घेणाऱ्याची, रेखाटणाऱ्याची, अगदी चित्रातल्या प्रत्येकाची नावं आपल्याला माहीत आहेत. रंगवणाऱ्याचं नाव कोरैयाने लिहिलं नाही. याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

निजामशहाच्या दरबारातही याच काळात सोनं घोटलं जात होतं, फक्त कागदावर. हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीवर आफताबी या कवीने रचलेलं सचित्र फारसी काव्य ‘तारीफ-इ-हुसेनशाही’, साधारण १५६५ चं, आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राणी खानजादा हुमायूं राजाशेजारी बसलेली होती. पुढे कुणीतरी तिच्या आकृत्या पुसून टाकल्या. त्या चित्रांतली सोनेरी आभाळं बघितली की सिएनाची आठवण येते. दोन्हींकडे सोनं म्हणजे आभाळाचा रंग नव्हे; ती जागा या जगातली नाही, हे सांगण्याची रीत आहे.

कोकणच्या हवेत फळ्या टिकणं मात्र कठीण. चार महिने लाकूड फुगतं, आठ महिने आक्रसतं; त्यावरचा लेप काही ताणत नाही, तो तडकतो. तडकलेल्या जागी दमट हवा शिरते, मागून वाळवी. गव्हर्नरांची चित्रं म्हणूनच वारंवार रंगवली गेली. आज जुने गोवे इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात साठाहून अधिक व्हाइसरॉय-गव्हर्नर उभे आहेत, पण सर्वांत जुन्या चेहऱ्यांवर नंतरच्या रंगाचे कित्येक थर चढले आहेत. वसईच्या किल्ल्यात तर एकाही वेदीवर काही उरलं नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तहाप्रमाणे पोर्तुगीज आपली चीजवस्तू घेऊन गेले. घंटा राहिल्या, त्यांतली एक भीमाशंकरला, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, एक मेणवलीला आजही आहे. ओतीव धातू तीनशे वर्षं टिकतो. लाकूड, सरस आणि अंड्याचा बलक यांना कुणीतरी रोज जपावं लागतं.

कर्नाळ्यापासून हाच रस्ता धरून दक्षिणेला गेलं की गोव्याच्या अलीकडे सावंतवाडी लागते. तिथल्या चितारी घराण्यांनी गंजिफाची, म्हणजे खेळायची, पानं रंगवली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला विझत चालली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने वाड्यातच कारखाना घालून ती पुन्हा उभी केली. पान कसं तयार करतात ते पाहावं. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे. त्यावर खडूचा लेप. वाळल्यावर दगडाने घोटायचं, आरशासारखं. मग बारीक कुंचल्याने मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह. सगळ्यात शेवटी लाखेचा हात.

चेन्नीनीला त्या कारखान्यात बसवलं असतं, तर भाषा कळली नसती, पण पुढची पायरी कोणती हे त्याला कुणी सांगावं लागलं नसतं. कदाचित चिंचोका हातात घेऊन त्याने दुसऱ्याच दिवशी शेळीच्या कातड्याऐवजी तो उकळायला ठेवला असता.